ताटली आणि वजनकाटा

आमच्या घरात एक लहानशी पितळेची ताटली आहे. वर्षातून एकदाच ती कामाला यायची. श्रावण लागायच्या आधी कल्याणहून चाचा यायचे, माझं मंगळसूत्र नव्या दोऱ्यात ओवायचे आणि काम झालं की ते माझ्या हातात द्यायचे नाहीत, त्या ताटलीत ठेवायचे. ताटलीला मी आधीच कुंकवाचं बोट लावून ठेवलेलं असायचं. "सौभाग्याचं हातात देऊ नये ताई, आमच्या आजानं सांगून ठेवलेलं हाय," असं दर वर्षी म्हणायचे, जसं काही मला पहिल्यांदाच सांगतायत.

चाचा मुसलमान. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच झालं. म्हणजे त्यांच्यामुळे नाही, आमच्यामुळे. बघा, लिहायला बसले आणि दुसऱ्याच परिच्छेदात चुकले. खोडत नाही. राहू दे तसंच, वाचणाऱ्यालाही कळू दे की ही खोड किती खोलवर असते.

चाचांचा धंदा पटवेकऱ्याचा. सोन्याच्या वाट्या, मणी, काळी पोत हे सगळं रेशमाच्या दोऱ्यात ओवून, मेण लावून, बारीक गाठी मारून द्यायचं, हे त्यांच्या घरातलं पिढ्यांचं काम. आताच्या मुलींची मंगळसूत्रं साखळीतली असतात, एवढीशी, ड्रेसवरसुद्धा शोभतात. त्यांना पटवेकरी कशाला लागतो तेच ठाऊक नसतं. माझं जुन्या पद्धतीचं. घामाने, पाण्याने दोरा वर्षभरात कुजतो. एकदा माझं ओट्याशी उभी असताना वाढलं, तुटलं म्हणत नाहीत आमच्यात, वाढलं म्हणतात, आणि मणी सगळे पोह्यांच्या पातेल्यात. आमचे हे म्हणाले, "आज पोहे जपून खा रे, सोन्याचे आहेत." तेव्हापासून मी कधी वर्ष चुकवलं नाही.

चाचा मला पहिल्यांदा भेटले कल्याणच्या बाजारात, एका सराफाच्या पायरीवर. त्याला आता तीस वर्षं तरी झाली. आमचे हे ठाण्यात एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक, आम्ही राहायला वर्तकनगरला, मी कल्याणला नणंदेकडे गेलेले. चाचा बोलायला लागले आणि मी विचारलं, "तुम्ही कोकणातले का हो?" माझं माहेर रत्नागिरीकडचं. त्यांचेही आजे तिकडचेच. मग काय, त्या पायरीवरच सुके बोंबील, कुळथाची पिठी, सगळं निघालं. पुढच्या वर्षी मी त्यांना पत्ता देऊन घरीच बोलावलं, आणि मग ते दर वर्षी येत राहिले.

त्यांची काम करायची रीत सांगायला हवी. आले की आधी हातपाय धुवायला पाणी मागायचे. गॅलरीत चटई घातलेली असायची, तिथे बसायचे. पटवेकरी लोक दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात आणि ताणून धरतात, तशीच पद्धत आहे त्या कामाची. दोन्ही हात मोकळे राहतात. पण चाचा मंगळसूत्राला पाय लावायचे नाहीत. पिशवीतून एक लाकडाची फळी काढायचे, तिला एक खिळा ठोकलेला, दोरा त्याला बांधायचे. "बाजूबंद असो, करगोटा असो, त्याला पाय चालतो. याला नाय." आणि दुसरं म्हणजे, समोरच्या बाईने आधी गळ्यात हळदीचा दोरा बांधल्याशिवाय मंगळसूत्र हातात घ्यायचे नाहीत. "आधी गळा, मग माझा हात." एकदा आमच्या तळमजल्यावरची नवी सून म्हणाली, "अहो काका, चालतं हो, पाच मिनिटांचं काम आहे." तर चाचा फळीवरचा हात मागे घेऊन बसून राहिले. तिला खाली जाऊन हळद घेऊन यावं लागलं. तिची सासू इतकी खूश झाली! म्हणाली, "बघ, आमचं ऐकत नव्हतीस, आता चाचांचं ऐकलंस."

हळूहळू सगळ्या बिल्डिंगच्या बायका त्या दिवशी माझ्याकडे जमायला लागल्या. आठ-दहा जणी तरी. चहा, चकल्या, गप्पा. चाचा खाली मान घालून ओवत असायचे आणि मधेच एखादा शब्द टाकायचे, की आम्ही हसून लोटपोट.

आता एक जुनी गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझ्या मुलाला नोकरी लागत नव्हती तेव्हा मी एका बुवाच्या नादी लागले होते. कपाळाला गंध, गळ्यात माळा, बोलणं असं गोड की विचारू नका. घरात दोष आहे म्हणाला. माझ्या दोन पाटल्या अकरा दिवस देवापाशी ठेवायच्या म्हणून घेऊन गेला, आणि गेला तो गेलाच. ठाण्यात त्याने अशा कितीतरी बायकांना फसवलेलं, नंतर कळलं. मी इतकी चिडले, इतकी चिडले, की त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यातले सगळे देव लाल फडक्यात गुंडाळले, स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा माळ्यावर. म्हटलं, असली माणसं ज्यांच्या नावाने फिरतात ते देव मला नकोत. सगळं थोतांड. दिवा लावणं बंद, उपास बंद. ह्यांनी समजावलं, मुलाने समजावलं. मी काही ऐकेना.

दीड-दोन महिने गेले आणि चाचा आले. भर सकाळचं ऊन गॅलरीत. बसले, फळी काढली, आणि इकडे तिकडे बघून म्हणाले, "ताई, दिवा कुठं गेला तुमचा?"

गॅलरीतून देव्हारा समोर दिसायचा ना. मी सगळं सांगितलं. बोलता बोलता रडलेसुद्धा. चाचांनी फळी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चोर तो होता. देवाला कशाला कोंडलंत?"

मी म्हटलं, "त्याच्याच नावाने लुटलं ना चाचा!"

"आमच्यात पण हायेत असले. धागे देतात, दोरे देतात, पोरीबाळींचं सोनं नेतात. म्हणून मी नमाज नाय सोडला." आणि मग सुई उचलून डोळ्यांशी धरली. "दिवा लावा बघू. मला सुईचं भोक दिसत नाय."

एवढं ऊन होतं की गॅलरीत डोळे मिटत होते. मी हसले. मग स्टुलावर चढून डबा काढला.

तर असे हे चाचा.

मग आमची जुनी बिल्डिंग पाडली आणि तिथे टॉवर झाला. आता गेटवर वॉचमन, मोबाइलवर परवानगी मागतात, मग माणूस वर येतो. चाचा त्याही गेटमधून दोन-तीन वर्षं आले. वॉचमनला म्हणायचे, "सांग, सौभाग्यवाला आलाय." तो बिचारा उत्तर प्रदेशचा, त्याला काही कळायचं नाही.

मागच्या वर्षीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या सहाव्या मजल्यावरच्या मुलीने, मुलगी म्हणजे चाळिशीची आहे, पण मला मुलीसारखीच, डोंबिवलीला स्टेशनजवळ एका दुकानात मंगळसूत्र गाठवायला दिलं. चाचांची वाट बघायला हवी होती, पण घरात लग्न होतं, घाई होती. घरी येऊन बघते तर एक वाटी बदललेली. पितळेवर पाणी चढवलेली. मूळ वाट्या तिच्या आजेसासूच्या. दुकानातल्या कारागिराने केलेलं. पोलिसात गेली, कारागीर सापडला, त्याने कबूलही केलं. पण वाटी वितळवून झालेली. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले तिच्यासोबत. यात खोटं काही नाही. चोरी झाली होती, आणि ज्याने केली तो मुसलमान होता.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर सुरू झालं. एकीने लिहिलं, यापुढे त्यांच्यातल्या कोणाच्याही हातात सोनं द्यायचं नाही. दुसरीने लिहिलं, त्यांच्या धर्मातच आहे हे, आपल्याला लुटलं तर त्यांना पाप लागत नाही. हिला कोणी सांगितलं? कुठे वाचलं? मला विचारावंसं वाटलं. पण ती सहाव्या मजल्यावरची बिचारी रडत होती, त्या वेळी वाद कसा घालणार? सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मीही टाकलं.

हे मी टाकलेलं चित्र अजून त्या ग्रुपवर आहे. पुसता येतं म्हणतात. मला येत नाही, आणि आता पुसून काय?

श्रावण आठ दिवसांवर आला. लिफ्टमध्ये सेक्रेटरीची बायको भेटली. म्हणाली, "काकू, तुमचे ते चाचा येणार असतील ना? आम्ही कोणी नाही येणार हां या वर्षी."

मी म्हटलं, "अगं, त्यांनी काय केलंय? तूच मागच्या वर्षी त्यांच्याकडून पोत बदलून घेतलीस."

"तेव्हा माहीत नव्हतं ना काकू. आम्ही तुमच्या भल्यासाठी सांगतोय. तुम्ही साध्या आहात. निदान वजन तरी करून द्या."

त्या शब्दाने किडा सोडला डोक्यात. खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस तेच. इतकी वर्षं आपण कधी वजन केलं नाही. कधी एक मणी कमी झाला असेल तर? आपल्याला कुठे कळणार होतं? तीस वर्षांची ओळख एका बाजूला आणि ही एवढीशी शंका दुसऱ्या बाजूला, आणि शंकाच जड होत गेली. सुनेने केक करायला एक वजनकाटा आणलेला आहे, काचेचा, चपटा. चाचा यायचे होते त्या सकाळी तो मी स्वतः ओट्यावरून उचलला आणि गॅलरीतल्या स्टुलावर नेऊन ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. सून तर ऑफिसला गेलेली.

चाचा आले. हातपाय धुतले. चटईवर बसले आणि पिशवीतून दोऱ्याची गुंडाळी काढली. चांगली जाड गुंडाळी, दहा जणींना पुरेल अशी.

"आज कोणी दिसत नाय?"

"सगळ्या गावाला गेल्यात चाचा."

"सगळ्या?"

"हो ना. सुट्ट्या आहेत."

जुलैमध्ये कसल्या सुट्ट्या? त्यांनी नुसती मान हलवली. शेजारच्या फ्लॅटमधून कुकरची शिट्टी ऐकू आली, फोनवर जोरात हसण्याचा आवाज आला. चाचांनी गुंडाळीतला थोडा दोरा काढून बाकीची परत पिशवीत ठेवली.

"आधी गळा," ते म्हणाले.

मी दोरा बांधलाच होता. मंगळसूत्र काढलं, आणि त्यांच्या हातात द्यायच्या आधी स्टुलाकडे वळले. काट्यावर ठेवलं. बावीस ग्रॅम. मी तो आकडा मोठ्याने वाचला. का वाचला मोठ्याने? त्यांना ऐकू जावा म्हणूनच ना. दुसरं काय कारण असणार?

चाचांनी मंगळसूत्र घेतलं. फळीला दोरा बांधला. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, मीच बोलत होते. पावसाचं बोलले, गुडघ्याचं बोलले, कोकणातल्या रस्त्याचं बोलले. तोंड थांबत नव्हतं माझं. त्यांनी चहा घेतला, चकली खाल्ली, नेहमीसारखं. शेवटची गाठ मारून मेण लावलं. कुंकवाचं बोट लावलेली ताटली त्यांच्या गुडघ्यापाशी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. उठले, स्टुलापाशी गेले आणि मंगळसूत्र काट्यावर ठेवलं.

तेवीस.

"एक ग्राम जास्ती हाय ताई. दोऱ्याचं आन् मेणाचं धरा. नायतर म्हणाल, चाचानं काय भरलं आत?"

हसून म्हणाले. ते हसू मी अजून विसरले नाही. दर वर्षी दारात चपला घालताना म्हणायचे, "पुढच्या वर्षी श्रावणाआधी येतो." त्या दिवशी नुसतं "येतो" म्हणाले.

आमचे हे आत पेपर वाचत होते. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. चाचांची लिफ्ट खाली गेली तसा पेपराआडून आवाज आला, "बुवाला पाटल्या दिल्यास तेव्हा कुठे होता गं हा काटा?"

मला राग आला. म्हटलं, तेव्हा सुनेने आणला नव्हता. पेपर काही खाली झाला नाही.

मागच्या वर्षी चाचा आले नाहीत. श्रावण लागला, गौरी आल्या, नवरात्र झालं. त्यांचा मोबाइल बंद. बायकांनी मग दुसरा माणूस शोधला, "आपल्यातला". सेक्रेटरीच्या बायकोकडे सगळ्या जमल्या, मलाही आग्रहाने नेलं. माणूस चांगला होता हो, हात चलाख, बोलणं नम्र. तो बसला, पहिलं मंगळसूत्र हातात घेतलं, दोऱ्याचं टोक काढलं आणि पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणलं. सहाव्या मजल्याच्या मुलीचंच होतं ते. नव्या वाटीचं.

सगळ्या जणी त्या अंगठ्याकडे बघत होत्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, कामच तसं करतात. शेवटी तळमजल्यावरची ती सून, जिला एकदा हळदीसाठी खाली पाठवलं होतं, ती हळू आवाजात म्हणाली, "चाचा फळी आणायचे." मी माझं मंगळसूत्र काढलंच नाही. गुडघा दुखतोय म्हणून उठून घरी आले.

त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. दोरा कुजत चाललेला, हाताला मऊ लागायचा. आंघोळीला जाताना मी एका हाताने वाट्या धरून ठेवायचे. दिवाळीनंतर एक दिवस उठले आणि कल्याणला गेले. सराफाच्या पायरीवर दुसरंच कोणी बसलेलं. आतल्या माणसाने सांगितलं, चाचांना दिसेनासं झालंय, साखरेमुळे, मुलीकडे खडवलीला असतात. पुढच्या आठवड्यात मी खडवलीला गेले. ह्यांना जाऊ का म्हणून विचारलं नाही. हळदीचा दोरा घरूनच गळ्यात बांधला आणि निघाले.

स्टेशनपासून रिक्षाने गेले, मग थोडं चालत. लहानसं घर, बाहेर मोगऱ्याची कुंडी. मुलगी दारात आली. पस्तिशीची असेल. मी सांगितलं, वर्तकनगरहून आलेय. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला सगळं माहीत आहे.

चाचा आत खाटेवर बसलेले. माझा आवाज ऐकून मान वळवली. "ताई का? रत्नागिरीवाल्या?"

मी वाटेत सगळं जुळवून ठेवलेलं, काय काय म्हणायचं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. म्हटलं, "चाचा, माझं चुकलं. मी तो काटा आणायला नको होता."

चाचांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. मग म्हणाले, "काट्याचं काय वाईट? सोनं हाय, वजन करावंच. पहिल्या वर्षीच केलं असतंत तर मला बरं वाटलं असतं. पण तीस वर्षं नाय केलंत. चोरी त्या डोंबिवलीच्या पोरानं केली, आन् जाब माझ्याकडे मागितलात."

चाचा पुढे बोलले.

"तो पोरगा कोण, कुठला, मी बघितला पण नाय. त्याला पकडला हे बाजारात ऐकून मी म्हटलं, बरं झालं. मग तुमच्या गेटवर आलो तर तुमचा वॉचमन माझी पिशवी उघडायला लागला. त्यानं आधी कधी नाय उघडली. तेव्हाच परत जायला पायजे होतं."

हे मला माहीत नव्हतं. पिशवी तपासली हे त्यांनी वर येऊन सांगितलंच नव्हतं.

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "अब्बा, पुरे झालं. या सगळ्या अशाच. कामापुरता चाचा. यांच्यातल्या सगळ्याच तशा."

मला पटकन म्हणावंसं वाटलं, सगळ्या नाही गं. अगदी ओठांवर आलेलं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार होते? तिने माझ्याशिवाय दुसरी कुठली बाई बघितली होती? माझंच बघून ती सगळ्यांचं ठरवत होती, आणि मी तरी दुसरं काय केलं होतं?

चाचा तिला म्हणाले, "असं बोलू नये." पण हळू म्हणाले. पूर्वी रागावले असते तसे नाही.

मी खाटेपाशी गेले. गळ्यातलं मंगळसूत्र काढून त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "हे गाठवून मिळेल का? तुम्ही सांगाल तेव्हा येईन." चाचांनी हात पुढे केला. बोटांनी दोरा चाचपला. "हा कालच वाढायला पायजे होता," म्हणाले. मग मुलीकडे तोंड करून, "तूच कर. हिची गाठ माझ्यापेक्षा बारीक हाय ताई. मीच शिकवलीय."

मुलगी म्हणाली, "करते. पण आधी वजन."

"नको गं," मी म्हटलं. खरंच काकुळतीला येऊन म्हटलं. "नको, मला काही नको वजन."

"तुम्हाला नको असेल. मला पायजे. उद्या तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणी काय बोललं तर? आमच्याकडे काटा नाही. समोर दुकान आहे, चला."

मी चाचांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसून राहिले. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

समोरचं दुकान किराण्याचं. काटा कांदे-बटाट्याचा. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढ्या कमी वजनाला हा नाही चालत." खरंच, आकडा वीस आणि पंचवीसच्या मधे उड्या मारत होता. ती म्हणाली, "चालतो. तुम्ही बघितलंत ना? बस्स." आणि बॉलपेनने दोन्ही आकडे तळहातावर लिहिले. तिला आकडा नकोच होता, साक्षीदार हवा होता. एवढ्या वयाची बाई मी, कांद्यांच्या टोपलीशेजारी गळ्यात हळदीचा दोरा बांधून उभी, आणि येणारे-जाणारे बघतायत. तेव्हा मला समजलं चाचांना आमच्या गेटवर कसं वाटलं असेल.

घरी येऊन तिने वडिलांची फळी काढली. तीच, खिळ्याची. काम करताना ती काही बोलली नाही, मीही या वेळी गप्प बसले. गाठ झाली की ती दोरा वडिलांच्या बोटांपाशी न्यायची, ते चाचपायचे आणि मान हलवायचे. एके ठिकाणी त्यांनी नाही म्हटलं, तिने ती उलगडून परत मारली.

शेवटची गाठ झाली. चाचा म्हणाले, "ताटली आण."

ती उठली नाही. मंगळसूत्र तळहातावर धरून, त्या निळ्या आकड्यांवर, बसून राहिली.

मग मीच उठले. म्हटलं, "चल."

आम्ही दोघी परत त्या दुकानात गेलो. काटा परत उड्या मारायला लागला, मधेच तीसवर गेला. "दोऱ्याचं आणि मेणाचं," ती म्हणाली, अगदी वडिलांसारखं. मी काट्यावरून मंगळसूत्र उचललं तर एका वाटीला कांद्याचं साल चिकटलेलं. मी काढायला गेले, तिने माझ्या आधी नखाने काढलं. मग तिथेच रस्त्यात मी ते गळ्यात घातलं. मागची कडी काही लागेना. तिने मागे येऊन लावून दिली.

निघताना मी तिला म्हटलं, "श्रावणाआधी येशील का आमच्याकडे? फळी घेऊन?"

"बघते," म्हणाली.

घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. मला टाइप करायला वेळ लागतो, अर्धा तास लागला. लिहिलं की वाटी ज्याने चोरली त्याला शिक्षा होऊ दे, पण चाचांनी या बिल्डिंगमधला एक मणी कधी इकडचा तिकडे केला नाही, आणि त्यांचा धर्म काढायचा आपल्याला काही अधिकार नव्हता, मीसुद्धा काढला, माझं चुकलं. दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. मग एकीने श्रीखंडाच्या ऑर्डरचं टाकलं आणि माझं वर सरकलं.

दोन दिवसांनी सहाव्या मजल्याची मुलगी दारात उभी. "काकू, ती येणार आहे का खरंच?"

"माहीत नाही गं."

"आली तर मला सांगा. पण मी समोर बसून बघणार हां. मला अजून भीती वाटते."

"बस की," मी म्हटलं. "तिलाही वाटते. ती तुझ्याकडे वजनकाटा मागेल."

आषाढ अर्धा झालाय आता. गेटवरच्या त्या मोबाइलमध्ये मी सुनेकडून चाचांच्या मुलीचं नाव घालून घेतलंय, म्हणजे तिला कोणी अडवणार नाही. वॉचमनला खाली जाऊन स्वतः सांगून आले, पिशवी उघडायची नाही म्हणून. तो म्हणाला, "मॅडम, कमिटीने सांगितलंय." म्हटलं, मग कमिटीला माझं नाव सांग. ताटली घासून ठेवलीय. तिच्या शेजारी सुनेचा काटाही ठेवलाय, कारण ती मागेल. कुंकू अजून लावलेलं नाही. बेल वाजली की लावीन.